छातीतली सावली आणि तिचे खरे नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या डॉक्टरीणबाईंनी चार शब्द सांगावेत अशी आपल्या मंडळाची जुनी रीत आहे. कधी बाळाच्या आहाराविषयी, कधी रक्त कमी असण्याविषयी आपण येथे ऐकले आहे. यंदा कार्यवाहबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "छातीतल्या दुर्मिळ गाठी." बाई क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अहो, सणासुदीच्या दिवशी हे कसले काढता? आणि दुर्मिळ म्हणता, मग आमच्यापैकी कोणाला व्हायच्या आहेत त्या?"

त्यांचे म्हणणे रास्त होते. तरीही मी हट्टाने हाच विषय घेतला, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, दुर्मिळ आजारात माणसाचे जे हाल होतात ते पुष्कळदा आजाराने होतात त्याहून उशिराने अधिक होतात. नेहमीच्या एखाद्या आजाराचे नाव त्याला चिकटते आणि त्या नावाखाली महिने, वर्षे निघून जातात. दुसरे कारण घरगुती आहे. ते मी बोलण्याच्या ओघात सांगेन. सांगताना मला थोडे जड जाईल, पण सांगेन.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आपण ज्या डॉक्टरांना भेटता ते नाडी बघतात, जीभ बघतात, विचारपूस करतात. माझी आणि रोग्याची गाठभेट बहुधा होतच नाही. त्याच्या शरीरातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बाटलीतून माझ्याकडे येतो. मी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा आणि त्याचे नाव सांगावयाचे. आजचे सारे बोलणे या नाव सांगण्याविषयीच आहे.

प्रथम सावलीविषयी. १८९५ सालच्या डिसेंबरात जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग गावी प्रोफेसर रोंटगेन यांनी आपल्या पत्नीचा हात नव्या किरणांपुढे धरविला आणि काचेवर त्या हाताची हाडे उमटली. बोटातली अंगठीसुद्धा दिसली. क्ष-किरणांचे ते चित्र जगभर गाजले. म्हणजे या विद्येच्या आरंभी एका गृहिणीचा हात आहे, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु क्ष-किरणांचे चित्र म्हणजे शेवटी सावली. बाजारातून आणलेली पिशवी उजेडासमोर धरली तर आत काहीतरी वाटोळे आहे एवढे कळेल. तो कांदा आहे, बीट आहे की लिंबू आहे, हे पिशवीत हात घातल्याखेरीज कळावयाचे नाही. छातीच्या फोटोत डाग दिसला की आपल्याकडे डॉक्टरांच्या मनात पहिले नाव येते ते क्षयाचे, आणि ते येणे योग्यच आहे. जगातल्या क्षयाच्या रोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. तेव्हा सावली दिसली आणि क्षयाचा विचारच केला नाही, तर तो डॉक्टर चुकला म्हणावयाचे. प्रश्न पुढचा आहे. विचार केला, पण पुरावा मिळविला काय? थुंकीत जंतू दिसले काय? आज थुंकीची अशी तपासणी आहे की, दोन-तीन तासांत यंत्र क्षयाचे जंतू आहेत किंवा नाहीत ते सांगते आणि नेहमीच्या एका मुख्य औषधाला ते दाद देतील की नाही हेही सांगते. सरकारी केंद्रांत ती मोफत होते. नुसत्या सावलीवर नाव ठेवणे आणि पुराव्याने नाव ठेवणे यांत फार अंतर आहे.

आता छातीचे घर कसे आहे ते पाहू. डावीकडे एक फुप्फुस, उजवीकडे एक, आणि दोहोंच्या मध्ये एक जागा. त्या मधल्या जागेचे आपल्या जुन्या घराप्रमाणे तीन भाग समजा: पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे परसदार. उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, लगेच मागे ओसरी. हृदय आणि श्वासनळीच्या भोवती माजघर. पाठीच्या कण्यालगत परसदार. गाठ कोणत्या भागात आहे यावरून निम्मी ओळख पटते. परसदारी असली तर ती बहुधा मज्जातंतूंतून निघालेली असते आणि मोठ्या माणसांत पुष्कळदा निरुपद्रवी असते. माजघरात रसग्रंथी सुजतात, त्या क्षयाने सुजतात तशा इतर आजारांनीही सुजतात. ओसरीवर येणारे पाहुणे मुख्यतः चार: थायमस नावाच्या ग्रंथीची गाठ, गळ्यातून खाली उतरलेली थायरॉइडची गाठ, रसग्रंथींचा लिम्फोमा नावाचा कर्करोग, आणि टेराटोमा नावाची एक अजब गाठ, जिच्यात कधी कधी चक्क केस आणि दातही सापडतात. आपल्याकडे अशा गाठीविषयी नाही नाही त्या गोष्टी बोलल्या जातात. तिच्यात करणी नाही की भानामती नाही. गर्भावस्थेतल्या काही मूळ पेशी वाट चुकून छातीत राहतात, आणि त्यांना त्वचा, केस, दात असे काहीही घडविण्याची शक्ती असते, एवढेच.

साध्या फोटोत ही तीन दालने एकावर एक पडतात. ती वेगळी करून दाखविते ते सीटी स्कॅन. १९७१ साली लंडनमध्ये या यंत्राने पहिल्या रोग्याची तपासणी झाली, ती एका बाईच्या डोक्याची. पुढे सारे शरीर त्यात पाहता येऊ लागले. पाव कापल्यावर प्रत्येक चकती वेगळी दिसावी तशी छाती त्यात दिसते. पण लक्षात ठेवा, सीटी स्कॅन हीही सावलीच आहे. अधिक शहाणी सावली, इतकेच.

आता मी तुम्हांला तीन गाठींच्या तीन हकिगती सांगते.

पहिली माझ्या घरची आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई आणि आम्ही एकाच घरात राहतो. जाऊबाई कामाला वाघ. पहाटे उठून देवपूजा, स्वयंपाक, मुलांचे डबे, सारे हसतमुखाने. त्यांचे पन्नाशीच्या आसपासचे वय होते, तेव्हा त्यांच्यात फरक पडू लागला. सकाळी सारे ठीक असे. संध्याकाळ झाली की डोळ्यांच्या पापण्या खाली येत. घरातली मुले म्हणत, "काकूला दिवेलागणीलाच झोप येते." जेवताना पहिली भाकरी नीट जाई, दुसरी चावता चावता जबडा थांबे, मग त्या हाताने हनुवटीला आधार देत. केस विंचरताना हात वर राहत नसत. हरिपाठ म्हणताना पहिले अभंग खणखणीत, शेवटचे नाकातून आल्यासारखे. एकदा त्या मला म्हणाल्या, "अगं, संध्याकाळी हे तोंड माझे आहे असेच मला वाटत नाही." मी म्हटले, "थोडी विश्रांती घ्या, या वयात असे होते."

भगिनींनो, मी डॉक्टर आहे. हे वाक्य माझ्या तोंडचे आहे.

त्यांना दाखविले नाही असे नाही. एका ठिकाणी शक्तीची इंजेक्शने दिली. एका ठिकाणी छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ आहे असे सांगितले. एका डॉक्टरांनी माझ्या दिरांना बाजूला घेऊन सांगितले की, बाईंना मनाचा त्रास आहे, घरात काही बोलाचाली असल्यास मिटवा. त्या दिवसापासून जाऊबाईंनी तक्रार करणेच सोडले. असे पावणेदोन वर्षे चालले. एके दिवशी पाण्याचा घोट नाकातून बाहेर आला, आणि त्या घाबरून रडू लागल्या, तेव्हा आम्ही जागे झालो.

ज्या तरुण डॉक्टरांनी हे ओळखले त्यांनी कोणतेही मोठे यंत्र आणले नाही. त्यांनी विचारले, "सकाळी बरे वाटते आणि संध्याकाळी वाईट, असेच ना?" मग म्हणाले, "काकू, छताकडे बघत राहा." मिनिटभरात दोन्ही पापण्या हळूहळू खाली उतरल्या. त्यांनी रुमालात बर्फ बांधून एका पापणीवर दोन मिनिटे ठेवला. बर्फ काढला तेव्हा ती पापणी वर गेलेली होती. मी शेजारी उभी राहून पाहत होते, आणि मला भूमी पोटात घेईल तर बरे असे झाले.

या आजाराला मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणतात. मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप जातो, तो घेण्याच्या जागा शरीराचेच प्रतिद्रव्य अडवून धरते. म्हणून स्नायू थोड्या वापराने थकतो आणि विश्रांतीने पुन्हा चालतो. यावर औषधाची पहिली वाट दाखविली ती एका स्त्री डॉक्टरने. डॉ. मेरी वॉकर या लंडनजवळच्या ग्रीनिचच्या रुग्णालयात कनिष्ठ जागेवर काम करीत. त्यांना वाटले की, हा आजार क्युरारे नावाच्या विषाच्या बाधेसारखा दिसतो, तर त्या विषावरचा उतारा येथेही का चालू नये? १९३४ साली त्यांनी एका रोगी बाईला तो उतारा टोचला आणि थोड्याच वेळात पडलेली पापणी वर आली. गुण काही तासच टिकला, पण वाट सापडली. आज दिली जाणारी गोळी त्याच जातीची आहे.

आता याचा छातीतल्या गाठीशी संबंध काय? छातीच्या ओसरीवर थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. मायस्थेनिया झालेल्या सुमारे दहा जणांपैकी एकाच्या थायमसमध्ये गाठ असते, तिला थायमोमा म्हणतात. उलट थायमोमा असलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला हा दुबळेपणा येतो. १९३६ साली अमेरिकेत नॅशव्हिल येथे डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका तरुण मुलीच्या छातीतून अशी गाठ काढली, आणि तिचा दुबळेपणा कमी झाला. म्हणून आज मायस्थेनिया सापडला की छातीचा सीटी स्कॅन करावयाचाच, असा रिवाज आहे. जाऊबाईंच्या स्कॅनमध्ये लिंबाएवढी गाठ निघाली. तो स्वच्छ म्हणून सांगितलेला जुना फोटो आम्ही पुन्हा उजेडात धरला. समोरून काढलेल्या चित्रात ती हृदयाच्या सावलीत दडून बसली होती.

गाठ पूर्ण निघाली. जाऊबाई आज गोळ्या घेतात, दर वर्षी तपासून घेतात, कारण ही गाठ सावकाश चालीची असली तरी कित्येक वर्षांनी परत येऊ शकते. हरिपाठ शेवटपर्यंत म्हणतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण ज्या खुणा मी परक्यांच्या तुकड्यांत शोधीत होते त्या माझ्या समोरच्या पाटावर रोज दिसत होत्या, आणि मी त्यांना वयाचे नाव देऊन मोकळी झाले होते.

दुसरी हकिगत एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीची. तिला तीन वर्षे दमा म्हणून फवारा चालू होता. खोकला येई, छातीत शिटी वाजे. वर्षातून एकदा न्यूमोनिया होई. मग एकदा खोकल्यातून रक्त पडले, तेव्हा क्षयाचा संशय आला. तिच्या आईने डॉक्टरांना एक गोष्ट सांगितली: "हिची शिटी नेहमी उजव्याच बाजूला वाजते. पाठीला कान लावला की मला कळते." त्या एका वाक्याने सारा तपास फिरला. दमा दोन्ही फुप्फुसांत असतो. शिटी कायम एकाच बाजूला वाजत असेल आणि न्यूमोनिया पुन्हा पुन्हा त्याच जागी होत असेल, तर त्या नळीत काहीतरी अडकले आहे असे समजावे. लहान मुलांत बहुधा शेंगदाणा किंवा चिंचोका असतो. मोठ्यांत गाठ असू शकते.

श्वासनळीत दुर्बीण घालण्याची विद्या जुनी आहे. १८९७ साली जर्मनीत डॉ. गुस्ताव किलियान यांनी नळीतून पाहून श्वासमार्गात अडकलेला हाडाचा तुकडा काढला, तेथपासून ती सुरू झाली. या मुलीच्या नळीत दुर्बिणीने लालबुंद, गुळगुळीत, पिकल्या करवंदासारखी गाठ दिसली. तुकडा माझ्याकडे आला. तो कार्सिनॉइड निघाला. कार्सिनॉइड म्हणजे 'कर्करोगासारखा'. १९०७ साली आतड्यातल्या अशा गाठींना हे नाव दिले गेले. फुप्फुसाच्या शंभर कर्करोगांत असा एखाददुसराच. याचा सौम्य प्रकार वेळेवर पूर्ण काढला तर बहुसंख्य रोगी पुढे वर्षानुवर्षे चांगले राहतात. ती मुलगी आज नोकरी करते. फवारा केव्हाच सुटला.

तिसरी हकिगत परदेशची आहे, पण ती ऐकून आपण आपल्या घराकडे पाहावे अशी आहे. दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली गावी क्षयाचे एक रुग्णालय होते. तेथल्या डॉ. स्लेग्ज यांच्या ध्यानात आले की, छातीत पाणी झालेले काही रोगी क्षयाच्या औषधांनी बरे होतात, आणि काही मुळीच होत नाहीत. आणि हे बरे न होणारे लोक बहुतेक पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखातून येतात. त्या डोंगरांत निळ्या ॲसबेस्टॉसच्या खाणी होत्या. शल्यवैद्य डॉ. मार्चंड यांनी तुकडे काढले, पॅथॉलॉजिस्ट डॉ. वॅग्नर यांनी ते पाहिले, आणि तो क्षय नव्हे असे ठरले. फुप्फुसाच्या वेष्टणाचा, मेसोथेलिओमा नावाचा, अत्यंत दुर्मिळ मानला गेलेला कर्करोग होता तो. १९६० साली त्यांनी ३३ रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांत २२ पुरुष आणि ११ स्त्रिया होत्या. एक सोडून सर्वांचा त्या ॲसबेस्टॉसशी संबंध असावा असे आढळले. त्या सर्वांनीच काही खाणीत काम केलेले नव्हते. कित्येक नुसते त्या मुलखात लहानाचे मोठे झाले होते.

पुढे १९६५ साली लंडनमध्ये डॉ. म्युरिअल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन यांनी अशा ७६ रोग्यांची पूर्वपीठिका खोदून काढली. कोठे काम केले, कोठे राहिलात, घरात कोण काय करीत असे, हे त्यांनी एकेकाच्या बाबतीत विचारले. ४० जणांनी स्वतः ॲसबेस्टॉसचे काम केले होते किंवा ते काम करणाऱ्याबरोबर एका घरात राहिले होते. उरलेल्या ३६ पैकी ११ जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले होते. आणि घरात राहून ज्यांना बाधा झाली त्यांत अशा बायका होत्या, ज्यांनी कारखान्याचे तोंड पाहिले नव्हते. त्या नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धूत असत.

मला हे प्रथम वाचल्याचे आठवते. त्या रात्री मला माझ्या आजीची मोरी डोळ्यांपुढे आली. कारखान्यातून आलेला सदरा दारात झटकणे, मग धोपटणे, ही आपल्या घराघरांतली रीत. ॲसबेस्टॉसचा तंतू डोळ्यांना दिसत नाही. तो श्वासाबरोबर आत जातो आणि वीस, तीस, चाळीस वर्षे गप्प बसतो. तोवर कारखाना बंद झालेला असतो, नवरा निवृत्त झालेला असतो, आणि बाईच्या छातीत पाणी झाले तर तिला कोणी विचारीत नाही की, बाई, तुम्ही कोणाचे कपडे धूत होता?

ॲसबेस्टॉस घातलेले सिमेंटचे पत्रे आपल्याकडे चाळींवर, गोठ्यांवर, शाळांवर पुष्कळ बसले. पत्रा जागच्या जागी शाबूत असताना धोका कमी असतो. तो कापताना, भोके पाडताना, फोडताना जी धूळ उडते ती वाईट. जुने तुकडे मुलांना खेळावयास देऊ नयेत, कोरडे झाडू नयेत, पाणी मारून ओले करून मगच माहीतगार माणसाकडून हलवावेत. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ॲसबेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांत जे नंतरचे असेल तोवर ठेवावी. ज्यांच्या घरी असे कामगार होते त्यांनी हे माहीत करून घ्यावे. मात्र त्या नोंदीत कामगाराचे नाव असते, कपडे धुणारीचे नसते. तिची नोंद तिने स्वतःच ठेवावयाची.

आता नाव पक्के कसे होते ते सांगते. छातीतले पाणी काढून तपासले तरी मेसोथेलिओमाच्या पेशी त्यात पुष्कळदा सापडत नाहीत. मग छातीला छोटे छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहावे लागते. स्वीडनमधल्या डॉ. याकोबेउस यांनी १९१० साली ही युक्ती प्रसिद्ध केली. दिसेल त्या संशयित जागेचा तुकडा घेतात. आम्ही तो मेणात बसवितो, त्याचे कागदाहून पातळ काप करतो आणि रंग देतो. साध्या रंगांत दोन वेगळे कर्करोग जुळ्या बहिणींसारखे दिसतात. म्हणून दुसरे, विशेष रंग वापरतो. प्रत्येक पेशीच्या अंगी तिच्या माहेरची खूण असते. फुप्फुसाच्या कर्करोगाची खूण निराळी, वेष्टणाच्या कर्करोगाची निराळी. खूण जुळली की त्या जागी तपकिरी रंग उमटतो. एका खुणेवर विसंबत नाही. चार-पाच पाहतो, काही जुळाव्या लागतात आणि काही न जुळाव्या लागतात. म्हणून आमचा रिपोर्ट यावयास आठ-दहा दिवस लागतात. ते दिवस घरच्यांना युगासारखे वाटतात हे मी जाणते. पण घाईचे चुकीचे नाव घेण्यापेक्षा ते दिवस सोसावेत.

कारण नावावर सारे पुढचे अवलंबून आहे. ओसरीवरची गाठ थायमोमा असेल तर मुख्य उपाय शस्त्रक्रिया. तीच लिम्फोमा असेल तर शस्त्रक्रिया करून छाती उघडण्याचे कारणच नाही, औषधांनी ती विरघळते. तरुण मुलग्यांत येथे एक अशी गाठ येते की, रक्ताच्या दोन तपासण्यांवरून तिचा सुगावा लागतो. तिघींची सावली सारखी, आणि उपचार तीन प्रकारचे. मेसोथेलिओमाबाबत मी तुम्हांला खोटी आशा देणार नाही. तो अजून बहुधा बरा होत नाही. पण औषधांनी काळ वाढतो, पाणी पुन्हा न होण्याची व्यवस्था करता येते, निष्फळ औषधांचा त्रास वाचतो, आणि त्याच घरातल्या, त्याच कारखान्यातल्या इतरांना सावध करता येते.

"सुई लावली की गाठ चवताळते," असे बायका मला नेहमी म्हणतात. सुईच्या वाटेवर रोग पसरणे घडते, पण क्वचित, आणि कोणत्या गाठीत त्याची भीती अधिक हे डॉक्टरांना ठाऊक असते. थायमोमा स्पष्ट दिसत असून आटोपशीर असेल तर तुकडा न काढता शल्यवैद्य ती सबंधच काढतात आणि मग ती माझ्याकडे येते. तेव्हा "तुकडा काढावयाचा की नाही, आणि का?" हे डॉक्टरांना अवश्य विचारा. भिऊन नकार मात्र देऊ नका.

आता घरी जाताना पदरात बांधून न्याव्यात अशा चार गोष्टी सांगते.

एक, छातीचे जुने फोटो आणि रिपोर्ट रद्दीत घालू नका. दोन वर्षांपूर्वीची सावली आणि आजची सावली शेजारी ठेवल्या की वाढ कळते. कित्येकदा जुना फोटो नव्या यंत्राहून अधिक बोलतो.

दोन, क्षयाची औषधे चालू असतील तर माझे भाषण ऐकून ती सोडू नका. अर्धवट सोडलेले औषध फार घातक. मात्र विचारा की, जंतू सापडले होते काय? आणि औषधे नीट घेऊन दोन महिन्यांत काहीच उतार नसेल, तर नाव पुन्हा तपासून पाहावे काय? या प्रश्नाने चांगला डॉक्टर रागावत नाही.

तीन, तुकडा काढला असेल तर त्याचा मेणाचा ठोकळा आणि काचा प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे तर त्या मागून नेता येतात. पुन्हा सुई टोचण्याची गरज बहुधा पडत नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलात, जे १९४१ सालापासून कर्करोगाचेच काम करीत आहे, असे ठोकळे दुसऱ्या मतासाठी गावोगावहून येतात. यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. अवघड गाठ मी स्वतः चार जणांना दाखविते.

चार, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. डॉक्टरांकडे जाताना आपली हकिगत घेऊन जा. केव्हा सुरू झाले, सकाळी अधिक की संध्याकाळी, कोणत्या बाजूला, तुम्ही आणि घरातल्यांनी कोठे काम केले, कोठे राहिलात, हे कागदावर लिहून न्या. आपल्या बायकांची मोठी खोड अशी की, डॉक्टरांपुढे बसल्यावर आपण म्हणतो, "काही विशेष नाही." नवऱ्याचे, मुलाचे दुखणे आपण बारीकसारीक सांगतो आणि स्वतःचे गिळतो. तिन्ही हकिगतींत रोगाचा माग लागला तो यंत्राने लागला नाही. यंत्र नंतर आले. आधी कोणीतरी विचारले, आणि कोणीतरी सांगितले.

जाऊबाई आज येथेच, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची गोष्ट सांगण्याची परवानगी मी काल मागितली. त्या म्हणाल्या, "सांग की. पण तेही सांग, की मी सांगत होते आणि तुम्ही कोणी ऐकत नव्हता." मी सांगितले, वहिनी.

भगिनींनो, घरी गेल्यावर आपल्या घरातल्या एखादीला आज जरा निवांत विचारा, "तुला काय होते आहे?" आणि तिचे उत्तर पुरे ऐकून घ्या.